ब्रेकवर पाय कुणाचा?

"अर्धा तास!" कानसेन म्हणाला. "फार तर पाऊण. तू चहा संपव, तोवर गाडी तुझ्या हातात!"

हे तो सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता म्हणाला. गुरुवारी दुपारी बारा वाजता तोच माणूस भर रस्त्यात स्कूटर आडवी टाकून, तोंडाचा आ वासून उभा होता. मधल्या दिवसांत काय झालं ते तो स्वतः कुणाला सांगत नाही. विषय निघाला की त्याला अचानक कुठेतरी नट आवळायचा असतो. म्हणून आपणच सांगितलेलं बरं.

कानसेन हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. त्याचं गॅरेज होतं, तीन गाड्या पोट आत घेऊन उभ्या राहतील एवढं, आणि तीस वर्षं तो तिथे गाड्यांची दुखणी नुसत्या कानाने ओळखत आला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "तिसऱ्या सिलिंडरला सर्दी झालीय!" निकाल बरोबर निघायचा, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होतं. शत्रू म्हणजे शेजारच्या गाळ्यातली स्कॅनरबाई. ती गाड्यांच्या विजेची कामं करायची आणि गाडीला वायर जोडून पडद्यावर वाचून दाखवायची. कानसेनच्या मते ही दुरुस्ती नव्हतीच, पोलीस तपास होता.

आता ज्या गाडीसाठी त्याने अर्धा तास मागितला, ती त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. ताईची. म्हणजे खरं तर मास्तरांची. ताईचे यजमान ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. निम्म्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं, फक्त स्वतःच्या बायकोला नाही. "घरात एक ड्रायव्हर पुरे," असं म्हणून त्यांनी तीस वर्षं विषय मिटवला. ताईने काही वाद घातला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला जे दुसरं स्कूल होतं, तिथे जाऊन ती गुपचूप शिकली! मास्तरांना ते कळलं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. अकरा महिन्यांपूर्वी मास्तर गेले, आणि ताईने शिकवण्याचंही लायसन्स काढलं. तीन बायका तिच्याकडे शिकायला नावं देऊन बसल्या होत्या. ताई छप्पन्न वर्षांची होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला सकाळी उठायची घाई व्हायला लागली होती.

आणि नेमकं तेव्हाच हे सुरू झालं.

"गाडी बंद पडत नाही रे," ताई म्हणाली. "दम सोडते. चांगली पळत असते, मी पाय दाबून ठेवलेला असतो, आणि एकदम पायाखालचं सगळं मऊ पडतं. मी दाबतेय, दाबतेय, आणि पलीकडे कुणाला ऐकूच जात नाही."

"मग काय करतेस?"

"पाय उचलते. पूर्ण उचलून परत ठेवला की निमूट चालायला लागते." ताईने चहाचा कप खाली ठेवला. "पाय उचल. कोण म्हणायचं असं दिवसभर?"

मास्तरांचं ते वाक्य गावातल्या भिंतींनाही पाठ होतं.

"आणि कुठेही होत नाही हं! मैदानाच्या फाटकापाशी. शाळेच्या वळणावर. दवाखान्याच्या उतारावर. जिथे जिथे ते ओरडायचे ना, तिथे तिथेच. तीन आठवड्यांपूर्वी तू त्यांचं पेडल काढलंस ना, तेव्हापासून!"

हे पेडल म्हणजे शेजारच्या सीटपुढचा दुसरा ब्रेक, शिकवणाऱ्यासाठी असतो तो. मास्तरांनी चार गाड्या बदलल्या, पण ते पेडल बदलू दिलं नाही. दर वेळी कानसेनच ते जुन्या गाडीतून काढून नव्या गाडीत बसवायचा. आता ते इतकं झिजलं होतं की तपासणीत पास होईना. म्हणून ताईसाठी नवं मागवलं होतं, आणि ते येईपर्यंत जुनं काढून कानसेनने गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं होतं.

"लोखंडाच्या तुकड्याचा आणि इंजिनाचा काय संबंध?" कानसेन हसला. "ताई, तूसुद्धा!"

"शनिवारपर्यंत बघ," ताई म्हणाली. "नाही सापडलं तर शनिवारी गाडी देऊन टाकते. गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय. यांच्या मनात नसेल तर मी कुणाच्या जिवावर लोकांच्या बायकांना रस्त्यावर नेऊ?"

एवढं बोलून ती निघाली, आणि दारातून परत वळून म्हणाली, "आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसू नकोस."

कानसेनने कामाला हात घातला. पहिली गोष्ट त्याने नेहमीची केली, बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली. ही त्याची जुनी सवय. "गाडीचं डोकं थंड होतं," असं तो सांगायचा. वायर परत जोडून त्याने किल्ली फिरवली.

"घर्र... टक."

पुढून, इंजिनाच्या पोटातून आवाज आला. अगदी हलका. कुणीतरी बोलायला सुरुवात करण्याआधी घसा खाकरावा तसा. कानसेन किल्लीवर हात ठेवून थांबला. मास्तर शिकवायला सुरुवात करण्याआधी असेच खाकरायचे.

अर्थात त्याला आवाज माहीत होता. ती हवेची झडप. पूर्वीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत एक तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची आणि झडप उघडायची. सगळा रोखठोक व्यवहार. या नव्या गाड्यांत तारच नाही! पाय दाबला की फक्त अर्ज जातो. मधे एक कॉम्प्युटर बसलेला असतो. तो अर्ज वाचतो, विचार करतो, आणि पटलं तर मोटर फिरवून झडप उघडतो. किल्ली फिरवली की झडप एकदा हलवून बघतो, इतकंच. कानसेनला हे सगळं माहीत होतं आणि कधीच आवडलं नव्हतं. मधे कुणीतरी बसलंय आणि त्याचं तोंड दिसत नाही, ही गोष्ट त्याला बरी वाटायची नाही.

इंजिन सुरू झालं, पण एका लयीत चालेना. वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा वर. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं. बॅटरी काढल्यावर असं होतं काही वेळ. कानसेनने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. कुठेही खोट नाही! इंजिन ठणठणीत. तो गाडी घेऊन एकटाच निघाला.

मैदानाचा रस्ता दुपारी ओस असतो. डाव्या हाताला मास्तरांचं शिकवायचं मैदान. फाटक बंद, आत ओळीने अर्धे पुरलेले टायर, जमिनीवर पुसट होत गेलेल्या पांढऱ्या रेघा. अकरा महिन्यांत तिथे कुणी गेलं नव्हतं, पण कानसेनला वाटलं, टायर बघतायत. तो स्वतःशीच हसला आणि पाय दाबला. गाडी झकास ओढत होती. फाटक जवळ आलं. रस्त्यावरच्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून चाकं गेली, खड खड खड खड...

आणि पायाखालचं सगळं मऊ पडलं.

इंजिनाचा आवाज खाली बसला. कुणी खोलीत आल्यावर माणसं बोलायची थांबतात तसा. कानसेनने पाय जमिनीपर्यंत दाबला. काही नाही. गाडी आपल्या मनाने, हळूहळू, फाटकासमोरून सरकत राहिली. त्याने शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. रिकामीच असणार! पण मग तो तिच्याकडे एवढा वेळ का बघत राहिला, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याने पाय उचलला. पूर्ण. परत ठेवला.

गाडी निमूट चालायला लागली.

"हवेचा फिल्टर," त्याने संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं. "चोंदलाय. उद्या बदलतो."

मंगळवारी त्याने हवेचा फिल्टर बदलला. गाडी फाटकापाशी मऊ पडली. त्याने हवेची झडप काढून आरशासारखी घासली. शाळेच्या वळणावर मऊ पडली. बुधवारी सकाळी त्याने दुसऱ्या एका गाडीचं अख्खं ॲक्सिलरेटर पेडल काढून या गाडीला लावलं, पेट्रोलचा पंप तपासला, सगळ्या तारा हलवून पाहिल्या, आणि एकदा तर कुणी बघत नाही असं पाहून बॉनेटवर हात ठेवून "काय होतंय गं?" असंही विचारलं. गॅरेजमध्ये गाडी सोन्यासारखी वागायची. त्या तीन ठिकाणी गेली की हात सोडायची.

बुधवारी दुपारी ताई म्हणाली, "मी चालवते, तू मागे बस आणि बघ."

कानसेन मागे बसला. शेजारची सीट मोकळी ठेवून ताईने गाडी काढली. ती चांगली चालवत होती, हे त्याला कबूल करावं लागलं. आरसे बघत होती, गिअर गुळगुळीत टाकत होती. फाटक आलं, चाकं खडखडली, आणि इंजिनाने मान टाकली.

"अहो, पुरे झालं!" ताई रिकाम्या सीटकडे वळून कडाडली. कानसेन जागच्या जागी उडाला. "तीस वर्षं भाजीत मीठ किती ते सांगितलंत, पंखा कितीवर ठेवायचा ते सांगितलंत, दारं कशी लावायची ते सांगितलंत! आता इथेपण तुम्हीच का? सोडा! सोडा म्हणते ना!"

तिने पाय उचलला, ठेवला. गाडी चालायला लागली.

"बघितलंस?" ती आरशातून भावाला म्हणाली. "ऐकतात. पण बोलणी खाल्ल्यावरच."

थोडं अंतर गेल्यावर ती पुन्हा त्या सीटशी बोलली, पण आता आवाज खाली आला होता. "तुम्ही शिकवलं असतंत तर मी दुसऱ्याकडे कशाला गेले असते? मला काय हौस होती? तुमच्याकडूनच शिकायचं होतं मला."

कानसेनने खिडकीबाहेर बघितलं. आपल्या बहिणीचा संसार आपण मागच्या सीटवर बसून चोरून ऐकतोय, असं त्याला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, समोरून उत्तर येतंय का हे ऐकायला त्याचा एक कान मात्र पुढेच होता.

गुरुवारी त्याने ठरवलं, गाडीत बसायचंच नाही. बाहेरून बघायचं. ताई गाडीत, तो मागे स्कूटरवर. धूर बघायचा, चाकं बघायची. धुरात काही नव्हतं, चाकांतही नव्हतं. फाटक आलं. आणि गाडीच्या मागचे लाल दिवे लागले!

लागले, विझले, लागले. पापणी फडफडावी तसे. गाडी मंदावली. कानसेनने स्कूटर पुढे घातली, आडवी टाकली आणि ओरडत धावला.

"ताई! अगं, तूच ब्रेक मारतेस की!"

"मी?" ताईने दार धाडकन उघडलं. "बघ माझे पाय! उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा क्लचशेजारी जमिनीवर. ब्रेकला मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मागे लाल दिवे लागले! मी माझ्या या डोळ्यांनी पाहिले! ब्रेक दाबल्याशिवाय दिवे लागत नाहीत!"

"मी नाही दाबला!"

"मग ब्रेकवर पाय कुणाचा?"

हे तो म्हणून गेला. आणि मग त्याला ऐकू आलं, आपण काय म्हणालो ते.

दोघांनी एकदमच शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीटपुढच्या कार्पेटला दोन भोकं होती, जिथून मास्तरांचं पेडल वर यायचं. भर बारा वाजता, लख्ख उन्हात, ती दोन भोकं काळीकुट्ट दिसत होती. मैदानातून वारा नाही, रस्त्यावर माणूस नाही. स्कूटरचं वर आलेलं चाक तेवढं एकटंच फिरत होतं.

"सापडलं की तुझं कारण," ताई शांतपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी शनिवारी गाडी देते. त्या तिघींना उद्या फोन करून नाही म्हणून सांगते."

त्या दुपारी कानसेन गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिला. चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर कोपऱ्यात धडधडत होता. आणि भिंतीवरून आवाज यायला लागला. टक. टक. टक. कानसेनने मान वर केली. खिळ्याला टांगलेलं मास्तरांचं पेडल भिंतीवर हलके हलके आपटत होतं, दाबल्यासारखं, सोडल्यासारखं.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. पेडल थांबलं. त्याने चालू केला. टक. टक. कॉम्प्रेसरच्या धक्क्याने हलतंय, उघड होतं! तरी त्याने पेडल काढून खोक्यात ठेवलं, खोक्यावर पोतं टाकलं, मग ते बरं दिसेना म्हणून पोतं काढलं, पेडल पुसलं, परत खिळ्याला लावलं आणि म्हणाला, "सॉरी, भाऊजी."

शुक्रवारी सकाळी उठून तो मुकाट्याने शेजारच्या गाळ्यात गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा!

स्कॅनरबाईने त्याला खुर्चीसुद्धा दिली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेकचे दिवे लागले? तुम्ही स्वतः पाहिलेत?"

"या डोळ्यांनी."

"आणि तुम्ही चार दिवस हवेचा फिल्टर बदलताय?"

तिने येऊन गाडीला वायर जोडली. पडदा बघितला. भुवया वर केल्या. "आठवणीत काही नाही. एक नोंद नाही. बॅटरी काढली होती?"

"ती माझी सवय आहे."

"छान! साक्षीदाराला आंघोळ घालून आणलंत. चला, आता याला चालतं-बोलतं पकडू."

ताईला फोन केला. ती आली, पण मन मेलेल्या माणसासारखी. "कशाला बाईंना त्रास? मला माहीत आहे काय आहे ते." तरी ती चालवायला बसली. स्कॅनरबाई पुढचं दार उघडायला गेली, तर ताई आणि कानसेन दोघंही एका सुरात म्हणाले, "तिथे नको!" बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मागे येऊन बसली.

गाडी मैदानाच्या रस्त्याला लागली. बाई मांडीवरच्या पडद्यावरून वाचायला लागली. तिचा आवाज सपाट, यादी वाचल्यासारखा.

"ॲक्सिलरेटर चाळीस. झडप चाळीस. ब्रेक नाही."

ताईने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"ॲक्सिलरेटर साठ. झडप साठ. ब्रेक नाही."

फाटक दिसायला लागलं. कानसेन पुढे वाकून ताईच्या पायांकडे बघत होता. उजवा ॲक्सिलरेटरवर. डावा जमिनीवर. खड खड खड...

"ब्रेक दाबला," बाई म्हणाली.

ब्रेकचं पेडल मोकळं होतं. त्याच्यावर कुणाचाही पाय नव्हता.

"ब्रेक सोडला. दाबला. सोडला. दाबला. ॲक्सिलरेटर साठ, झडप शून्य." गाडी सरपटायला लागली. "ताई, पाय उचला."

ताईच्या तोंडून हुंदका फुटला. हेच वाक्य! तिने पाय उचलला आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

"घाबरू नका," स्कॅनरबाई म्हणाली. "या गाड्यांना एक नियम शिकवलेला असतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेले दिसले, की कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो. चालवणारा गोंधळलाय असं समजतो आणि इंजिनाचा दम काढून घेतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की परत देतो. म्हणून चुकीची नोंद होतच नाही. त्याच्या मते त्याने बरोबरच केलेलं असतं."

"अगदी यांच्यासारखं," ताई डोळे पुसत म्हणाली.

बाई टॉर्च घेऊन उतरली, ड्रायव्हरच्या बाजूला गेली आणि स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवी झाली. बराच वेळ तिचे फक्त पाय दिसत होते. मग तिने आतून कुठेतरी बोटाने टिचकी मारली. गाडीचे मागचे दिवे लाल झाले. टिचकी. लाल. टिचकी. लाल.

"इकडे या," ती कानसेनला हळूच म्हणाली.

तो वाकला. ब्रेकच्या पेडलच्या मागे बोटाएवढं बटण असतं. पेडल वर असलं की ते दाबलेलं राहतं. पेडल जरा खाली गेलं की ते सुटतं, दिवे लागतात आणि कॉम्प्युटरला निरोप जातो. या बटणाचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. रस्त्यावरच्या पट्ट्यांनी पेडल केसभर थरथरलं तरी बटणाला वाटायचं, ब्रेक दाबला! आणि पट्टे कुठे मारलेले असतात? जिथे माणसाने पाय उचलायला हवा, तिथेच. मास्तर ओरडायचे तिथेच!

"इथे कुणीतरी हात घातला होता," बाई कुजबुजली. "मास्तरांचं पेडल सळईने याच ब्रेकला जोडलेलं असतं, ते काढताना हे बटण सोडवावं लागतं. परत बसवताना फटीचं माप घ्यावं लागतं. तुम्ही घेतलंत?"

कानसेनने माप घेतलं नव्हतं. कानसेन माप घेत नाही. त्याने बटणाला कान लावला होता, "टक" ऐकलं होतं, आणि झालं म्हणून सोडून दिलं होतं. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू होता. ते "टक" बटणाचं होतं की भिंतीवरच्या पेडलचं, देव जाणे.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?" बाईने विचारलं.

खरं सांगायचं तर एक क्षण त्याला वाटलं, मास्तरांवरच राहू दे. मेलेला माणूस काही तक्रार करत नाही! पण ताई रस्त्याच्या कडेला, बंद फाटकाकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्या हातात फोन होता. त्या तिघींपैकी पहिलीचा नंबर तिने काढलेला होता.

"ताई, फोन ठेव," तो म्हणाला. "भाऊजी नाहीत गाडीत."

"म्हणजे?"

"मी होतो." आणि त्याने स्क्रूपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं. तो वाट बघत होता की आता ही फाडून खाईल. पण ती हळूच बॉनेटला टेकली.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाशीच बोलत नव्हते?" ती म्हणाली. "मला राग येत होता रे त्यांचा. खूप राग येत होता. पण सकाळी किल्ली घेताना बरंही वाटायचं. भांडायला का होईना, कुणीतरी येतंय बरोबर." तिने नाक ओढलं. "तीन आठवड्यांत जेवढं बोलले तेवढं तीस वर्षांत बोलले नाही मी त्यांच्याशी."

कानसेनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, ते तिच्या साडीला लागलं, आणि ती चक्क काही बोलली नाही.

स्क्रू आवळायला दीड मिनिट लागलं. स्कॅनरबाईने माप घेऊन आवळला. कानसेनने टॉर्च धरली.

मग ताईने गाडी मागे नेली, पार कोपऱ्यापर्यंत, वळवली आणि पुन्हा फाटकाकडे काढली. मागे दोघं बसलेले. "ॲक्सिलरेटर साठ," बाई वाचत होती. "झडप साठ. ब्रेक नाही." खड खड खड खड! "ब्रेक नाही. झडप साठ. सत्तर!" फाटक सर्रकन मागे गेलं. गाडी अशी ओढत होती की कानसेनची पाठ सीटला चिकटली. शाळेचं वळण ताईने आपणहून पाय उचलून घेतलं. दवाखान्याच्या उतारावर तीच सावकाश झाली. कुणी काही सांगितलं नाही.

उतार संपल्यावर तिने आरसा पाहिला, हात दाखवला, आणि गाडी फुटपाथला अगदी समांतर उभी केली. मग आडवी वाकून तिने शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "उतरा आता. येते मला."

दार उघडं राहिलं. वयस्क माणसाला गुडघ्यावर हात ठेवून उतरायला, शर्ट नीट करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. स्कॅनरबाईने पडदा मिटला. सीटची स्प्रिंग किंचित कुरकुरली. वाऱ्याने असेल.

ताईने डोळे पुसले आणि मागे वळली. "बाई, तुम्ही पुढे या. ऐसपैस बसा. मी सोडते तुम्हाला दुकानापर्यंत."

बाई पुढे जाऊन बसली. तिने पट्टा लावला.

"आणि तू रे?" ताई भावाला म्हणाली. "तू कसली वाट बघतोयस? उतर!"

"मी? अगं, इथून गॅरेज तीन किलोमीटर आहे!"

"तीन आठवडे त्यांच्या नावावर ब्रेक तू मारलेस. त्यांनी एकट्याने चालत जायचं आणि तू गाडीतून? जा, घरापर्यंत सोबत कर त्यांना."

गाडी गेली. बघण्यासारखी गेली. गिअर बदललेला कळलासुद्धा नाही.

कानसेन चालायला लागला. भुतंखेतं मानणाऱ्यांतला तो नव्हता, हे त्याने वाटेत स्वतःला चार वेळा सांगितलं. दवाखान्याच्या चढावर त्याच्या लक्षात आलं, की आपण फुटपाथच्या अगदी कडेने चालतोय, आत एका माणसाची जागा ठेवून. आणि चौकात रस्ता ओलांडताना, ज्यांनी निम्म्या गावाला वाहतुकीचे नियम शिकवले त्यांनाच आपण मोठ्याने "भाऊजी, उजवीकडे बघा हं!" म्हणून सांगितलं, हे त्याला कळलं तेव्हा पलीकडचा पानवाला त्याच्याकडे बघत होता.